स्वतःपुरती प्रत

विहीणबाई,

एक सांगायचं राहिलं. मी तुमची चोरी केली आहे. चोरी झाली ते घर माझ्या मुलीचं आणि तुमच्या मुलाचं, तेव्हा ती नेमकी कोणाच्या घरात झाली यावर आपण दोघींनी एखादी दुपार सहज काढली असती, आणि शेवटी तुम्हीच जिंकला असतात. पण माल तुमचा होता आणि हात माझा, एवढं नक्की.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. माझी मानसी, तुमची सून, दिवसातून दोनदा येऊन माझा चेहरा तपासून जाते. "आई, रडून घे गं एकदा," असं ती "दोन घास खाऊन घे"च्या चालीवर म्हणते. मी म्हणते, "घेईन नंतर." मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला जाते, तर दोरीवरची तुमची बाजू मोकळी ठेवून माझ्याच बाजूला सगळं दाटीवाटीनं घालून येते. मग ते वाळत नाहीत. मग त्यांना कुबट वास येतो. मग मी ते पुन्हा धुते. असं चाललंय.

पूर्वी आपली गाठ पडायची ती दोन दिवसांचीच. सहा महिने तुम्ही यायचात, सहा महिने मी. ईरा लहान, तिच्या आईबापांना नोकऱ्या, आणि मेलबर्नच्या कडेच्या ट्रुगानिनातल्या आपल्या वस्तीत आज्या अशा पाळीपाळीनंच येतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही ऑपरेटर बायका पाळी बदलताना हेडफोन एकमेकींच्या हातात द्यायचो, तशी तुम्ही नात माझ्या कडेवर द्यायचात. दूध इतकं, झोप इतकी, टीव्ही अजिबात नाही. आणि साताऱ्याला निघून जायचात. तुमचा टॅक्सीचा दरवाजा लागला की मी टीव्ही लावायची.

मग साथीचं वर्ष आलं. मी येऊन दोनच दिवस झाले होते आणि तुमचं परतीचं विमान रद्द झालं. पुढे जवळजवळ दोन वर्षं एका छपराखाली दोन विहिणी. डोंबिवलीच्या मैत्रिणी फोनवर हळहळायच्या, "अगंबाई, मुलीच्या घरी, आणि वर विहिणीबरोबर? कसं गं काढतेस?" तुम्ही शेजारी शेंगा सोलत बसलेल्या असायचात. मी म्हणायची, "काढतेय बाई कसेबसे दिवस," आणि तुम्ही मोठ्यानं शेंग फोडायचात. विमानं सुरू झाली तेव्हा तुम्ही परतीचं नाव काढलं नाहीत. मीही नाही. व्हिसाचे कागद मुलांनी केले. आपण फक्त सह्या केल्या.

लग्नात तुमची मला भीती वाटली होती, हे तुम्हाला माहीत नसेल. पाय धुवायला मी चांदीचं ताम्हन घेऊन आले, तर तुम्ही पाय साडीत ओढून घेतलेत आणि म्हणालात, "राहू द्या, माझे मी सकाळीच धुतलेत." सगळा मांडव हसला. मी ते दोन वर्षं मनात धरून ठेवलं होतं. पन्नाशी उलटलेली बाई, सरकारी नोकरी केलेली, आणि दोन वर्षं रोज आंघोळ करताना विहिणीच्या पायांवर चिडायची! आता त्या बाईला हाक मारून सांगावंसं वाटतं, अगं बये, तिनं तुला वाकू दिलं नाही. पण ती कुठली ऐकणार. तिला तेव्हा जरीचा काठ भिजला याचंच दुःख.

कॅसेट्स तुम्ही पहिल्याच फेरीत आणल्या होत्यात. चौसष्ट. साड्या कमी केल्यात आणि कॅसेट्स घेतल्यात. अभंग, नाट्यगीतं, भावगीतं, कथाकथनाच्या पाच. प्रत्येक कॅसेटच्या खोक्यात खरेदीची पावती घडी घालून ठेवलेली आणि पाठीवर दाखल क्रमांक. तीस वर्षं वाचनालयात काढल्यावर माणूस घरातल्या चमच्यांवरही क्रमांक टाकेल. मेलबर्नला उतरताना तुम्ही कस्टम्सच्या कार्डावर "जाहीर करण्यासारखं आहे" यापुढे खूण केलीत आणि लोणच्याच्या शोधात असलेल्या साहेबापुढे चौसष्ट कॅसेट्स मांडल्यात. तो म्हणाला, "नो वरीज, डार्लिंग, यू कॅन गो." तुम्ही म्हणालात, "प्लीज चेक." आमचा अनिकेत बाहेर दोन तास उभा. आमचा काय, तुमचाच मुलगा.

त्या कॅसेट्स मग खरखरायला लागल्या. अनिकेत म्हणाला, "आई, हे सगळं ऑनलाइन आहे गं. मी तुला प्लेलिस्ट करून देतो, पाच मिनिटांत."

"ते त्यांचं आहे. हे माझं आहे."

"गाणं तेच आहे ना पण!"

"त्यांनी उद्या काढून टाकलं तर कुठे जाऊ मागायला?"

तो हसून निघून गेला, आणि तुम्ही चपला घालून काउन्सिलच्या लायब्ररीत गेलात. मला बरोबर घेतलंत, कारण माझं इंग्रजी धीट आहे. चुकीचं, पण धीट. आपल्या मालकीच्या कॅसेटची प्रत संगणकात काढली तर ती चोरी होते का, हे तुम्हाला विचारायचं होतं. विहीणबाई, आपल्या वस्तीत शेजारचा माणूस नेटवरून अख्खे सिनेमे पोत्यानं उतरवतो आणि हे विचारायला तुम्ही दोन बस बदलून गेलात! तिथल्या काउंटरवरच्या निळ्या केसांच्या मुलीनं शोधून तुम्हाला दोन पानं छापून दिली. ती तुम्ही घरी येऊन लाल पेन्सिलीनं वाचलीत.

कॅसेट तुम्ही विकत घेतलेली असेल, तर स्वतःपुरती प्रत काढता येते. प्रत दुसऱ्याला देता येत नाही. मूळ कॅसेट कोणाला दिलीत, तर आपली प्रत ठेवायची नाही. जी मुळातच चोरीची आहे, तिची प्रत काढायची नाही. आणि खाली एक ओळ: कुटुंबातल्या किंवा घरातल्या माणसाला ऐकायला उसनी देता येते. गंमत म्हणजे जुन्या व्हिडिओ टेपवरचं नाटक उतरवून घ्यायला चालतं, पण तेच नाटक डीव्हीडीवर असेल तर नाही. मी म्हटलं, "हा कायदा करताना माणसं जागी होती का?" तुम्ही म्हणालात, "नसतील. पण केलाय ना." आणि तुमच्या नाटकांच्या तीन डीव्हीडी तुम्ही परत कपाटात ठेवून दिल्यात.

ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या सामानाच्या दुकानातून, कोणाचा तरी टाकलेला टेप डेक आणलात. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून त्याचं डोकं, म्हणजे हेड, पुसायचं, सैल झालेली फीत पेन्सिलीनं घट्ट करायची, वायर लॅपटॉपला लावायची आणि मग कॅसेट पूर्ण वाजेपर्यंत समोर बसायचं. साठ मिनिटांची कॅसेट असेल तर साठ मिनिटं. मी कांदा चिरायला घेतला तरी तुम्ही हात वर करायचात.

"अहो, वायरीतून जातंय ते. कांदा नाही जात त्यात."

"माझ्या कानात जातो."

एक हिवाळाभर तुम्ही ते केलंत. रोज एक. शेवटी सगळं एका लहानशा प्लेअरमध्ये भरलंत, काडेपेटीएवढा, आणि तो गळ्यात अडकवून खाडीच्या कडेनं फिरायला जायला लागलात. मॅगपाय पक्षी डोक्यावर झेप घ्यायचा तरी तुम्हाला पत्ता नसायचा. मी मागून ओरडायची.

मग मलाही चेव आला. मीही माझी पिशवी काढली. नऊ कॅसेट्स, माझ्या तरुणपणाच्या. तुम्ही चष्मा लावून एकेक उलटसुलट पाहिलीत, आणि एखाद्या मुलीचा निकाल सांगावा तसं म्हणालात, "यातली एकही मूळ नाही."

कशी असेल? स्टेशनजवळ एक रेकॉर्डिंगवाला होता. त्याला कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की तो आठवड्यानं भरून द्यायचा. मी यादी स्केचपेननं लिहायची, फुलं काढून. सव्वीस वर्षांची घोडी, आणि कॅसेटवर स्वतःचं नाव असं लिहायची की जणू गायलीय हीच. शेवटच्या गाण्याला फीत पुरायची नाही, मग ते मधेच तुटायचं. त्यातलं एक मी आजही गुणगुणते तेव्हा त्याच शब्दावर थांबते. पुढे काय आहे ते चाळीस वर्षांत शोधलं नाही. मला वाटलं होतं ते तेवढंच आहे.

"आणि या दोन?" तुम्ही विचारलंत.

"त्या रेडिओवरून घेतल्यात. टेपरेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी धरून. मानसी पाळण्यात होती. श्वास रोखून बसायची मी."

तुम्ही लावून पाहिलंत. एक चांगलं, भारदस्त भजन, आणि त्यात कुकरच्या तीन शिट्ट्या. तुम्ही हसायला लागलात. मी तुम्हाला तशा हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, चष्मा काढून डोळे पुसलेत. आणि म्हणालात, "यात तुमच्या मालकीचा फक्त कुकर आहे."

म्हणून मी तुमच्याकडे मागायला लागले. एक प्रत द्या. आधी गंमत म्हणून, मग हट्टानं, मग रोज. तुम्ही नाही म्हणायचात. मी म्हणायची, कोण पोलीस येणार आहे ट्रुगानिनात तुमचे अभंग मोजायला? तुम्ही म्हणायचात, पोलीस येणार नाही म्हणून करायचं नाही, असंही असतं काही. मी म्हणायची, मी कुटुंबातली आहे ना? कागदावर आहे ना तसं? तुम्ही ती दोन पानं परत काढून बसायचात. म्हणजे तुम्हाला खरंच शंका होती! शेवटी परत लायब्ररीत. तुम्ही त्या निळ्या केसांच्या मुलीला अगदी गंभीरपणे विचारलंत, "माय सन्स वाइफ्स मदर. इज शी माय फॅमिली?"

तिनं आधी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डू यू टू लिव्ह टुगेदर?"

"येस," मी म्हणाले. "शी नेव्हर गोज होम."

"देन ऑफ कोर्स यू आर फॅमिली, लव्ह."

मी बाहेर येऊन विजयी मुद्रेनं बसस्टॉपवर बसले. तुम्ही म्हणालात, "तिनं ते प्रेमानं सांगितलं. कागद बघून नाही सांगितलं."

बस आली. संध्याकाळी तुम्ही प्लेअर माझ्यापुढे धरलात. "तुम्ही घरातल्या आहात. त्यामुळे उसना देता येतो. रोज चार ते पाच. प्रत नाही."

घरातल्या. कागदावर दोन शब्द होते, विहीणबाई, आणि तुम्ही मला त्यातला दुसरा दिलात. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा युनिव्हर्सिटीतला पोरगाही घरातलाच. मी ते तोंडावर बोलले नाही. चार वाजता प्लेअर घ्यायची, पाचला परत करायची, उशीर झाला तर रात्रीची भांडी माझ्याकडे. गाणी ऐकताना आत कुठेतरी ते टोचत राहायचं. लग्नातल्या ताम्हनासारखं.

मानसी तुम्हाला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती, त्या दिवशी मी चोरी केली. दिवाळी मेळ्यात होम लोनवाल्याच्या स्टॉलवर फुकट मिळालेला पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि तुमचं फोल्डर उचलून त्यात टाकलं. उचलायचं, ओढायचं, सोडायचं, हे मी तुमच्याच खांद्यावरून पाहून शिकले होते. ती हिरवी पट्टी भरत आली, आणि मी हातात डाव घेऊन लॅपटॉपसमोर उभी, गॅसवर आमटी. एक्स्चेंजमध्ये मी लोकांचं बोलणं चोरून ऐकायचा पगार घेत होते, असं तुम्ही चिडवायचात. पण खरी चोरी मी वयाच्या बहात्तराव्या वर्षी केली, विहिणीवर रागावून.

तो माल मी एकदाच ऐकला. घरात कोणी नसताना टीव्हीला लावला. पहिला अभंग सुरू झाला आणि मला असं वाटलं की तुम्ही मागे सोफ्यावर बसला आहात. मी बंद केला आणि तो पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला, चेन लावली. तो अजून तिथेच आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते सांगायचं आहे. पोटाचं दुखणं, तपासण्या, डॉक्टरीणबाईंचं ते मऊ आवाजात बोलणं. ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला खोलीत बोलावलंत. कॅसेट्सचं खोकं पलंगावर ठेवलं होतं, सुतळीनं बांधून.

"हे घ्या. आता हे तुमचं."

"म्हणजे? ऐकायला?"

"कायमचं. अनिकेतला दिलं तर गॅरेजमध्ये जाईल."

"आणि तुमची प्रत?"

"ते माझं मी बघते."

मी खोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "चला, माल मिळाला. आता तुम्ही जायला मोकळ्या."

आपण असंच बोलायचो. जन्मभर नाही, पण ती पाचसहा वर्षं असंच. तुम्ही हसलात. नक्की हसलात ना? मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहते. तुमचा चष्मा टेबलावर होता, खिडकीतून ऊन येत होतं, आणि तुम्ही हसलात, असं मला दिसतं. पण मला हवं तसं दिसत असेल.

हॉस्पिटलात तुम्ही एकोणीस दिवस होतात. मानसी आणि अनिकेत सकाळ-संध्याकाळ, दुपार माझी. गळ्यात प्लेअर, कानात इअरफोनच्या त्या दोन काळ्या गोळ्या, डोळे मिटलेले. चादरीवर बोट हलायचं, मधेच थांबायचं, सम आल्यासारखं पुन्हा पडायचं. मी विचारलं, "काय ऐकताय?"

तुम्ही म्हणालात, "नेहमीचंच."

पर्स माझ्या मांडीवर. एका दुपारी मला ते बोलून टाकावंसं वाटलं. म्हटलं, आता काय राहिलंय, शिव्या खाऊ आणि मोकळं होऊ. मी म्हणाले, "विहीणबाई, एक सांगू?"

तुम्ही एका कानातली गोळी काढलीत. "सांगा."

मी म्हणाले, "उद्या मुगाची खिचडी आणू का?"

"आणा," म्हणालात, आणि गोळी परत कानात घातलीत.

खिचडी आणली होती. तुम्ही दोन चमचे खाल्लीत. त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी, मी खाली कॅन्टीनमध्ये रांगेत असताना, तुम्ही गेलात. माझ्या हातात कॉफीचे दोन कप होते. नर्सनं ते हळूच काढून घेतले. मला आठवतंय ते एवढंच, की तिनं ते कुठे ठेवले ते मी बघत होते.

दिवसकार्य झालं. गुरुजी शेजारच्या टारनीटहून आले, सगळं रीतीप्रमाणे केलं. चौदाव्या दिवशी ईरा तुमच्या खोलीत गेली. बारा वर्षांची झाली आहे, पण दार लोटताना लहान मुलीसारखी लोटते. प्लेअर घेऊन बाहेर आली.

"आजी, इट्स एम्प्टी."

"नीट दाब गं. मधलं बटण."

"आय डिड. देअर्स नथिंग ऑन इट. ॲट ऑल."

मी घेतला. चार्ज होता. पडद्यावर शून्य. लॅपटॉप उघडला, फोल्डर होतं, आत काही नव्हतं. कचऱ्याच्या टोपलीतसुद्धा काही नव्हतं. टोपलीही रिकामी करून गेलात तुम्ही. मग मी खोकं खाली घेतलं, सुतळी सोडली. तुम्ही दिल्यापासून मी ते उघडलंच नव्हतं. वर एक चिठ्ठी होती, वाचनालयाच्या नमुन्यात, पट्टीनं रेघा मारलेली.

चौसष्ट कॅसेट्स, सुस्थितीत. कायमच्या दिल्या. माझ्याजवळ यांची कोणतीही प्रत उरलेली नाही. खाली सही, ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवसाची तारीख. मधे एक रकाना, नातं. त्यात तुम्ही लिहिलंत, कुटुंब.

ईरा विचारत राहिली, "व्हॉट डज इट से?" मी तिला म्हणाले, पावती आहे.

म्हणजे ते एकोणीस दिवस कानात काही नव्हतं. मशीनच्या टुकटुकीपासून वाचायला गोळ्या घातल्या होत्यात, की मला कळू नये म्हणून? बोट तर बरोबर पडत होतं. तीस वर्षं ऐकलेलं असेल तर माणूस यंत्राशिवाय ऐकतही असेल. असेल. मी स्वतःला तसं सांगते, आणि सांगून झालं की पुन्हा तिथेच. माझ्या पर्समध्ये, तुमच्या पलंगापासून हातभर अंतरावर, ते सगळं होतं. चोरीचं होतं, पण होतं. आणि चोरीचं नको होतं तरी एक शब्द पुरला असता. कॅसेट्स आता माझ्या होत्या ना? मी त्यांची माझी प्रत काढून तुम्हाला उसनी दिली असती. तुमच्याच कागदावरच्या शेवटच्या ओळीप्रमाणे, लाल पेन्सिलीच्या खुणेसकट कायदेशीर. तुम्ही मागितलं नाहीत. तुम्ही मागणाऱ्यातल्या नव्हतातच. आणि मी, दुसऱ्यांच्या लायनीवर वीस वर्षं कान लावून बसलेली बाई, मला शेजारच्या खुर्चीवरून ती शांतता ऐकू आली नाही.

तुमच्याशी भांडायचं आहे मला. कोणी सांगितलं होतं इतकं पाळायला? कायदा करणाऱ्यालाही वाटलं नसेल की कोणी मरायच्या आधी बसून चौसष्ट फायली एकेक करून पुसेल. भांडायला तोंड उघडते आणि आत काहीच सापडत नाही. आभार मानायचे म्हटलं तरी तेच. त्या एका शब्दासाठी मी तीन वर्षं कुढत होते, आणि तुम्ही तो मला रकान्यात भरून दिलात. मला तो तोंडी हवा होता. बसस्टॉपवर.

आणि त्या पेनड्राइव्हचं काय करायचं? चोरी आधीची, मालकी नंतरची. मालकी आल्यावर जुनी चोरी धुऊन निघते का? तुम्ही म्हणाला असतात, नाही. मी म्हणाले असते, का नाही? मग तुम्ही चपला शोधल्या असत्यात, लायब्ररीत जायला.

काल शनिवार. दुपारी मी तुमच्या खोलीत टेप डेक लावला. डोकं पुसलं, स्पिरिट लावून, तुम्ही पुसायचात तसं. पहिल्या क्रमांकाची कॅसेट घातली. लॅपटॉपची वायर लावली नाही, नुसतीच ऐकायला. अनिकेत दारात आला. तेराव्याला सगळ्यांची पानं वाढून शेवटी जेवला होता तो, ऑफिसला तर तुम्ही गेल्यानंतरच्या सोमवारीच गेला, हॉस्पिटलच्या कागदांची फाईल लावली. त्याच्याही डोळ्यांत मी पाणी पाहिलेलं नाही. जावई असून मला काकू म्हणतो, तेही तुम्हीच लावलेलं.

"काकू, याची मला एक कॉपी द्या ना. गाडीत लावीन. फ्रीवेवर तासभर जातो माझा रोज."

पर्स माझ्या शेजारी होती. हात गेलाही. एक चेन उघडायची, एवढंच काम होतं, आणि मुलगा आईची गाणी घेऊन गाडीत बसला असता. पण जी तुम्ही स्वतःसाठी ठेवली नाहीत, ती मी कोणत्या तोंडानं वाटू?

"कॉपी नाही मिळायची," मी म्हणाले.

"का पण?"

"नाही म्हणजे नाही. ऐकायचं असेल तर इथे बसून ऐक."

"काकू, सिरियसली? यू आर जस्ट लाइक हर."

"खोकं हवं असेल तर घेऊन जा. ते तुझं म्हण."

त्यानं खोक्याकडे पाहिलं, वरची चिठ्ठी पाहिली, वाचली. परत नीट जागेवर ठेवली. "नको. तुम्हाला दिलंय तिनं." आणि पलंगाच्या कडेवर बसला. मोबाईल खिशातून काढून पालथा ठेवला.

कॅसेट वाजत होती. खरखर होती, मधे एका ठिकाणी आवाज खोल जाऊन परत वर आला. त्याचा पाय हलत होता, मग थांबला. अर्ध्या तासानं खट्कन बटण वर आलं. मी गुडघ्यावर हात देऊन उठायला लागले, तर तोच उठला. कॅसेट काढली, उजेडाकडे धरून पाहिली, सैल फीत करंगळीनं फिरवून घट्ट केली, उलटी करून घातली, आणि बटण दाबलं. त्याला हे कोणी शिकवलं ते मी विचारलं नाही.

गाणं सुरू झालं तरी तो तिथेच राहिला, डेकवर दोन्ही हात टेकवून, माझ्याकडे पाठ करून. खांदे हलायला लागले. मी हात पुढे करून आवाज वाढवला, बाहेर मानसीला आणि ईराला काही ऐकू जाणार नाही इतका.